तलावाची बातमी

प्रिय दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकला असशील, म्हणून आधीच सांगते, घरी सगळे बरे आहेत. ह्यांचा गुडघा होता तसाच आहे, व्यायाम सांगितलेत ते करत नाहीत आणि गुडघ्याला शिव्या देतात. धाकटीचं कॉलेज सुरू झालं, आता तिला आम्ही दोघंही अडाणी वाटतो. फोन हाताशी असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. मलाही वाटतंय. गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा "दूध उतू जातंय, नंतर करते" म्हणून मी घाईने ठेवला ना, तेव्हा गॅसवर दूध नव्हतंच. गॅससुद्धा पेटलेला नव्हता. मग नंतर फोन केला नाही, आणि तूही केला नाहीस. तर आता हे लिहायला बसले आहे. पण सुरुवात कुठून करायची तेच समजत नाही. वर्गात मुलांना मी सांगते की पहिल्याच वाक्यात मुद्दा सांगा. मला स्वतःला ते आज काही जमणार नाही. तू आपला शांतपणे वाच.

शाळेच्या वर्तमानपत्राचं तुला माहीत आहेच. भाषेच्या मॅडम निवृत्त झाल्या आणि ते लोढणं माझ्या गळ्यात आलं. "तुम्ही भूगोलाच्या, नकाशे काढता, तर पानंही लावाल," असं मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यावर काय बोलणार? तोवर आमच्या पेपरात काय असायचं, तर मुख्याध्यापिकांचा फोटो, फोटोखाली मुख्याध्यापिकांचे विचार, खेळांचे निकाल आणि उरलेल्या जागेत विनोद. मला वाटलं, यात काय अवघड आहे? मग सुट्टीत शाळेने मला त्या पाच दिवसांच्या शिबिराला पाठवलं, शाळांमधून वर्तमानपत्र चालवणाऱ्या शिक्षकांसाठी असतं ते. मी तुला तेव्हा फोनवर भरभरून सांगितलं होतं. विद्यापीठाचं वसतिगृह, लोखंडी पलंग, आणि पन्नाशीतले आम्ही तीस जण बाकांवर पाय आखडून बसलेलो. कुणी रसायनशास्त्राचे, कुणी कवायतीचे, एक तर नुसतेच ग्रंथपाल. शिकवायला होत्या एक बाई. जन्मभर त्यांनी वर्तमानपत्राच्या कचेरीत बसून दुसऱ्यांच्या बातम्या कापल्या होत्या, म्हणून आम्ही त्यांना आपसात कात्रीबाई म्हणायचो. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, शेजारी बसलेल्या माणसावर दहा ओळी लिहा. माझ्या शेजारी ग्रंथपाल. मी लिहिलं, "हे गृहस्थ शांत स्वभावाचे आहेत." कात्रीबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "हे तुम्हाला कसं कळलं?" मी म्हटलं, "दिसतातच की." त्या म्हणाल्या, "शांत दिसतात, एवढंच तुम्ही पाहिलंत. स्वभाव तुम्ही घरून आणलात." सगळे हसले. संध्याकाळी कळलं की ते ग्रंथपाल नाटकात खलनायकाची कामं करतात आणि एकदा प्रयोग चालू असताना दिग्दर्शकाच्या अंगावर धावून गेले होते!

ते पाच दिवस मला फार आवडले, दादा. इतक्या वर्षांनी कुणीतरी मला शिकवत होतं. स्पर्धांची माहितीही तिथेच मिळाली. दर वर्षी शाळांच्या वर्तमानपत्रांची मोठी स्पर्धा असते. एका फेरीत मुलांना सभागृहात बसवतात, समोर कुणीतरी पत्रकार परिषद घेतं आणि तासाभरात तिथल्या तिथे बातमी लिहायची. दुसरा गट शोधबातमीचा. मुलांनी मिळून काहीतरी खणून काढायचं, वेगवेगळ्या लोकांना भेटायचं आणि पाठवायचं. या गटात पहिल्या आलेल्या शाळेतल्या दोन मुलांना विद्यापीठाच्या उन्हाळी पत्रकारिता वर्गात फुकट जागा मिळते. मी शाळेत येऊन फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "हे तुम्हाला कसं कळलं?" आणि मुलांना म्हटलं, यापुढे प्रत्येक वाक्याला हा प्रश्न विचारायचा. कुणीही बोललेलं असो, अगदी मी बोललेलं असलं तरी.

आता पाणकोंबडीबद्दल सांगते. हिचं नाव तू माझ्याकडून ऐकलं नसशील. अकरावीतली मुलगी, आमच्या पोहण्याच्या संघात होती, खांदे रुंद, केस क्लोरीनने गवतासारखे राठ झालेले. संघातल्यांनीच तिला हे नाव ठेवलं आणि तिनेही ते आनंदाने घेतलं. आमच्या गावात पोहायचा तलाव नाही, म्हणून संघ सरावाला बसने तुझ्या तलावावर यायचा, हे तुला मी सांगायला नको. गेल्या हिवाळ्यात एक दिवस निरोप आला की सराव बंद. का, ते कुणी सांगितलं नाही. खेळाच्या सरांनी मला विचारलं, मी तुला फोनवर विचारलं. आठवतं का तू काय म्हणालास? "अगं बारके, यंदा बाहेरच्या शाळांना देत नाहीये. गर्दी फार वाढली आहे." मी ते सरांना सांगितलं आणि विषय मिटला. पाणकोंबडीच्या संध्याकाळी मात्र एकदम रिकाम्या झाल्या. म्हणून ती वर्तमानपत्रात आली. पहिल्याच बैठकीत तिने विषय मांडला, तलावात बाहेरच्या शाळांना का येऊ देत नाहीत? मी म्हटलं, "त्यात काय शोधायचंय? तलाव चालू आहे, गर्दी वाढली आहे, एवढंच." ती म्हणाली, "हे तुम्हाला कसं कळलं, मॅडम?" सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "एका खात्रीलायक माणसाकडून." आमचा संपादक म्हणजे एक उंच, किडकिडीत मुलगा आहे, अगदी पोक्त माणसासारखा बोलतो. त्याने उठून फळ्यावर लिहिलं, "खात्रीलायक माणूस, म्हणजे कोण?" मी म्हटलं, नाव सांगणार नाही. उगाच भावाचा मोठेपणा कशाला मिरवायचा, एवढंच माझ्या मनात होतं. मुलांना मात्र वाटलं की मी सूत्राचं नाव गुप्त ठेवते आहे. केवढ्या आदराने बघत होती रे ती माझ्याकडे!

तुझं आणि त्या तलावाचं मला नेहमीच कौतुक वाटत आलंय. तू तिथे जीवरक्षक म्हणून लागलास तेव्हा बाबा म्हणाले होते, "चड्डीवर उभं राहायची कसली नोकरी?" आणि तू शिट्टी गळ्यात घालून निघून गेलास. मी शाळा सुटल्यावर यायचे तेव्हा तू उंच खुर्चीवर बसलेला असायचास, माझ्याकडे बघायचासही नाहीस, नजर सगळी पाण्यावर. मला राग यायचा. नंतर समजलं की तिथे बहिणीकडे बघायला परवानगीच नाही. पुढे व्यवस्थापक झालास, तलावाकडे उघडणाऱ्या काचेच्या खिडकीची खोली मिळाली, तेव्हा बाबा असते तर काय म्हणाले असते कोण जाणे. वहिनी गेल्यावर मला तुझी काळजी लागली होती. पण रविवारचे फोन सुरू झाले आणि मी निर्धास्त झाले. तू किती रंगवून सांगायचास! त्या आजीबाईंची तुकडी, ज्या पोहत नाहीतच, उथळ पाण्यात गळ्यापर्यंत उभ्या राहून सुनांच्या तक्रारी करतात. आणि तो कठडा न सोडणारा मुलगा. एका रविवारी त्याने पायऱ्यांवर बसून पाय बुडवले. मग कमरेपर्यंत उतरला. मग एक हात सोडला. मी हे सगळं सोमवारी शिक्षकांच्या खोलीत सांगायचे. गणिताचे सर डबा उघडता उघडता विचारायचे, "काय मॅडम, सोडला का कठडा?" आणि वसंतात तू सांगितलंस की तो तरंगला, पाठीवर, डोळे मिटून. आम्ही टाळ्या वाजवल्या, दादा. खरंच वाजवल्या.

मग एका शनिवारी पाणकोंबडी, संपादक आणि तिची आई बसने तुमच्या गावी गेले. सोमवारी मी विचारलं, "काय, किती गर्दी होती?" पाणकोंबडी म्हणाली, "मॅडम, कुलूप आहे." मी म्हटलं, साफसफाईची सुट्टी असेल. ती म्हणाली, "पायऱ्यांवर गवत उगवलंय. काचेतून आत बघितलं, पाणी नाहीये. खोल भागात एक प्लास्टिकची खुर्ची पडली आहे." समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्याने त्यांना सांगितलं होतं की हिवाळ्यापासून बंद आहे. मी म्हटलं, "एका माणसाच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नसतो, पुन्हा खात्री करा." माझा आवाज चढला होता, मला स्वतःलाच ऐकू आलं. संपादकाने गुपचूप उठून फळ्यावरचा "खात्रीलायक माणूस" पुसून टाकला. त्यापेक्षा मुलं हसली असती तर बरं झालं असतं.

मला तेव्हा काय वाटलं, सांगू? काहीच धड वाटलं नाही. मुलं चुकीच्या इमारतीसमोर जाऊन आली असतील असं वाटलं. त्या गावात दोन तलाव असतील असं वाटलं. मी जिथे लहानपणी राहिले त्या गावात किती तलाव आहेत हे मला माहीत नाही का रे? तरी वाटलं. मग त्यांचा पहिला खर्डा आला आणि मी लाल पेन घेऊन बसले. एका ओळीत होतं, "तलावाचे तत्कालीन व्यवस्थापक." मी "तत्कालीन"ला गोल केला आणि पाणकोंबडीला बोलावून समजावलं की मोठे शब्द उगाच वापरू नयेत, तत्कालीन म्हणजे जो तेव्हा होता आणि आता नाही. ती म्हणाली, "हो मॅडम, तेच म्हणायचंय. त्यांनी हिवाळ्यातच काम सोडलं." मी उठले आणि खडू आणते म्हणून बाहेर गेले. खडूंचा डबा टेबलावर माझ्यापुढेच होता.

त्यानंतर मुलांनी जे जे गोळा केलं ते मी वाचत गेले. तुला हे सगळं माहीतच असणार, माझ्यापेक्षा जास्त. तरी मी काय वाचलं तेवढं सांगते. तुमच्या नगरपालिकेचे क्रीडा विभागप्रमुख मुलांना भेटले, त्यांनी चहाही पाजला. ते म्हणाले की व्यवस्थापकाने देखभालीकडे दुर्लक्ष केलं, छताच्या तुळया गंजल्या, म्हणून त्यांना जायला सांगण्यात आलं. मुलांनी ते तसंच्या तसं लिहून घेतलं. मग ती तुमच्या जुन्या जीवरक्षकाला शोधत गेली. तोच, जो तुझ्यानंतर त्या खुर्चीवर बसला. तो आता एका गोदामावर पहारेकरी आहे. तो अगदी उलट सांगतो. साहेब छतासाठी सारखे लिहीत होते, कुणी दाद दिली नाही. एका सकाळी लहान मुलांची तुकडी पाण्यात उतरायच्या आधी छताचा एक तुकडा खाली पडला. साहेबांनी सगळ्यांना बाहेर काढलं, स्वतः कुलूप लावलं, किल्ल्या नेऊन विभागप्रमुखांच्या टेबलावर ठेवल्या आणि सांगितलं, दुरुस्ती झाल्याशिवाय मी उघडणार नाही. "मग त्यांना काढलं की त्यांनी सोडलं?" असं पाणकोंबडीने विचारलं. तो म्हणाला, "ते मला माहीत नाही, पोरी. त्या दिवसापासून साहेब कुणाला भेटले नाहीत. मी फोन करतो, ते उचलत नाहीत." हे वाचताना माझ्या मनात काय आलं असेल? की माझा तर उचलतो! मूर्खासारखं मला क्षणभर बरंच वाटलं.

मग राग आला. भांडी आदळली, ह्यांच्यावर ओरडले, गुडघ्याचे व्यायाम का करत नाही म्हणून. ते बिचारे त्या दिवशी करत होते. राग उतरला आणि मग नुसता गोंधळ उरला, तो अजून आहे. हिवाळ्यापासूनचे सगळे रविवार मी आठवत बसते. "आत्ताच आलो, केस अजून ओले आहेत," असं तू एकदा म्हणालास. कशाने ओले होते रे? मी वेड्यासारखी विचार करते की फोन करायच्या आधी तू नळाखाली डोकं धरत असशील का. नसशील, मला माहीत आहे नसशील, पण ते चित्र काही डोक्यातून जात नाही. आणि तो मुलगा. तो तरंगला तेव्हा तलाव कोरडा होता. मग तो आधी तरी होता का? कमरेपर्यंत खरा उतरला होता आणि पुढचं तू पूर्ण केलंस, की सुरुवातीपासूनच कुणी नव्हतं? गणिताचे सर परवा म्हणाले, आता त्याला सूर मारायला शिकवा म्हणावं. मी म्हटलं, सांगते. एका नसलेल्या मुलासाठी मला इतकं वाईट का वाटावं, मला समजत नाही. तू सकाळी उठून काय करतोस, कुठे जातोस, जेवतोस का, यातलं मला काही म्हणजे काही माहीत नाही. आणि मला वाटत होतं की तुझं सगळं मला माहीत आहे.

आणखी एक गोष्ट आहे, ती लिहायला हात धजत नाही, पण लिहिते. जीवरक्षकाचं वाचलं तेव्हा मी मनात म्हटलं, हाच खरा दादा, हा असाच वागणार. आणि लगेच फळ्यावरचा तो प्रश्न दिसला. हे मला कसं कळलं? तू दुर्लक्ष केलं नसशील हे मला कशावरून माहीत? तू माझा भाऊ आहेस म्हणून? वर्गात एखाद्या मुलाने असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला खाली बसवलं असतं. पण बहिणीने दुसरं काय उत्तर द्यायचं? एक मन म्हणतं, विभागप्रमुख खोटं बोलतोय, छाप त्याला. दुसरं मन म्हणतं, दादाने तुला इतके महिने जे सांगितलं तेही खरं कुठे होतं? मग तिसरं मन त्या दुसऱ्या मनाच्या थोबाडीत मारतं. दिवसभर डोक्यात असा बाजार भरलेला असतो आणि मी पुढे उभी राहून सातवीला वारे शिकवते.

मुलांना यातलं काही माहीत नव्हतं. माझं लग्नानंतरचं आडनाव वेगळं, त्यांना कळणार तरी कसं? मी पळवाट काढून बघितली. म्हटलं, स्पर्धेला आपण ग्रंथालयावरचा लेख पाठवू, तोही छान झालाय. संपादक म्हणाला, "मॅडम, तलावाची बातमी सगळ्यात चांगली आहे असं तुम्हीच म्हणाला होतात." पाणकोंबडी नखं खात बसली. त्या उन्हाळी वर्गावर तिने किती आशा लावली आहे ते मला दिसतं. बसचं वेळापत्रकसुद्धा बघून ठेवलंय तिने. आणि स्पर्धेच्या नियमात स्पष्ट आहे की मार्गदर्शक शिक्षकाचं बातमीतल्या कुणाशी नातं असेल तर ते आधी कळवलं पाहिजे. मी न कळवता सही केली असती तर कुणाला पत्ता लागला नसता, किंवा नंतर लागला असता आणि पोरीचं बक्षीस गेलं असतं. शेवटी गेल्या गुरुवारी मी सांगून टाकलं. आमची वर्तमानपत्राची खोली म्हणजे जुन्या नकाशांची अडगळ आहे, तिथे गुंडाळलेल्या खंडांमध्ये मुलं बसली होती. मी म्हटलं, "ते व्यवस्थापक माझे सख्खे भाऊ आहेत." मग पाणकोंबडीने हळूच विचारलं, "म्हणजे मॅडम, तो खात्रीलायक माणूस...?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "आणि तुम्हाला माहीतच नव्हतं?" मी म्हटलं, "नाही." सवयीने तिने वही उघडली होती, पेन काढलं होतं. ते तिने पुन्हा दप्तरात टाकलं आणि म्हणाली, "हे मी लिहिणार नाही." शिक्षिका म्हणून मी तिला सांगायला हवं होतं का, की खरं आहे ते लिही? की तिने केलं तेच बरोबर? मी फक्त तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि तिने तो ठेवू दिला.

त्याच दिवशी कात्रीबाईंना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ताबडतोब बाजूला व्हा. दुसऱ्या शिक्षकाकडे सोपवा, तुम्ही कोण आहात ते स्पर्धेच्या आयोजकांना लिहून कळवा, यापुढे त्या बातमीच्या एका अक्षराला हात लावू नका आणि मुलांच्या वतीने भावाला काहीही विचारू नका. मी म्हटलं, "आणि बहीण म्हणून?" त्या म्हणाल्या, "ते माझ्या शिबिरात शिकवत नाहीत." आता चित्रकलेचे सर काम बघतात. त्यांनी बातमी वाचली आणि म्हणाले, शीर्षकाचं अक्षर सुरेख आलंय. मी दारातून ऐकलं आणि पुढे निघून गेले.

तर आता हे पत्र का, ते. पाणकोंबडीने तुला फोन केला होता. अनोळखी नंबर बघून तू उचलला नसशील. येत्या मंगळवारी शाळा सुटल्यावर ती पुन्हा करणार आहे. तू बोलला नाहीस तर बातमीत छापून येईल की तलावाच्या माजी व्यवस्थापकांशी संपर्क होऊ शकला नाही, आणि विभागप्रमुखांच्या बोलण्यापुढे तुझं काही नसेल. मी आधी हे पत्र लिहायला घेतलं ते तू बोलावंस म्हणून. ते फाडलं. मग दुसरं लिहिलं, तू बोलू नकोस, कशाला त्या चिखलात, म्हणून. तेही फाडलं. मला नक्की काय हवंय ते मलाच ठाऊक नाही, आणि ते ठरवणं माझं कामही नाही. बोलायचं की नाही ते तू आणि ती मुलगी बघा. ती विचारते नीट, घाई करत नाही. पण मंगळवारी फोनवर एक सोळा वर्षांची अनोळखी पोर तुला विचारणार, "तुम्ही काम का सोडलंत?" आणि तुझं गुपित कुणाला तरी समजलंय हे तुला पहिल्यांदा तिच्या तोंडून समजावं, हे मला नको होतं. म्हणून सांगते, दादा, मला माहीत आहे. रागावले होते, आता नाही. शनिवारच्या पहिल्या बसने निघते आहे, पत्र त्याआधी पोचेल. कात्रीबाईंना हे चालेल का, मी विचारलेलं नाही. मी काही विचारणार नाही, तू सांगितलंस तर ऐकेन, नाही सांगितलंस तर दोघं गप्प बसू. दोन दिवसांची रजा टाकली आहे. घ्यायला येऊ नकोस, रस्ता मला माहीत आहे. फक्त बेल वाजली की दार उघड.

तुझीच,
बारकी